डाव्या हातातला वादक

‘हात कसा आहे?’ असं त्यांना कोणी विचारलं की ते म्हणत, ‘विचारून सांगतो.’ मग आपल्या डाव्या हाताकडे पाहत. एसटीत शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, जरा अदबीनं, जरा संशयानं. हसत नसत. विनोद करायची त्यांना सवय नव्हती. आमच्या शाळेत ते गणित शिकवत.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले होते आणि आमचा तुकडा गडचिरोलीत गेला होता, पण जुने छापील कागद संपेपर्यंत कारकून ‘चंद्रपूर’वर रेघ मारून वर ‘गडचिरोली’ लिहायचा. गणिताच्या सरांच्या शरीराचंही त्याच सुमारास विभाजन चाललं होतं. डाव्या कोपराखालचा मुलूख त्यांच्या हातून सुटत होता. तो कोणाकडे जातोय, आणि मुळात शिल्लक राहतोय का, एवढाच प्रश्न होता. पण तो एवढाच प्रश्न आम्हा काही माणसांच्या डोक्यावर दोन वर्षं बसून होता.

धान कापून झालं की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून कंपन्या गावोगाव निघतात. पेटी, तबला, क्लॅरिनेट ही जुनी मंडळी. आमच्या भागातल्या एका कंपनीत मात्र विजेची गिटार होती आणि ती आमचे गणिताचे सर वाजवत. बल्लारशाच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेली लाल गिटार. अँप्लिफायर गावातल्या रेडिओ मेकॅनिकनं लाकडी पेटीत बसवून दिला होता. सिरोंच्याकडे प्रयोग असला की त्यातून मधूनच तेलुगू बोलणं ऐकू यायचं. एखादी बाई शांतपणे काहीतरी सांगून जायची, कदाचित भातावरच्या किडीबद्दल. प्रेक्षक दचकत. सर म्हणत, ‘रेडिओची लहर आहे. तारेनं पकडली.’ त्यांना त्यात काहीही गूढ वाटत नसे. हे सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं वाचून ते भोळे होते असा कोणाचा समज होईल. ते भोळे नव्हते. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली चंद्रपूरला दीक्षा घेतली होती आणि घरी येऊन देव्हारा रिकामा करून त्यात पोराची पुस्तकं ठेवली होती. ‘आमच्या घरात देव चालत नाही, भूत चालत नाही आणि अंगात येणं तर बिलकूल चालत नाही,’ असं सर सांगत. त्यामुळे त्यांच्या हातात जो कोणी होता त्याची मोठी अडचण झाली. त्याला भूत म्हणायची सोय नव्हती.

एकदा हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, “काय म्हणते तुमचं भूत?”

“भूत नाही जी. दुसरा वादक म्हणा.”

“मंग पयला कोण?”

“मी.”

“आन् तो दुसरा काय वाजवते?”

“मले येत नाही ते,” सर म्हणाले आणि वह्या तपासू लागले.

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर गावाची. दोन्हींच्या मधलं त्यांना काही येत नसे. भर एप्रिल महिन्यात, पत्रे तापून शाळेची भट्टी झालेली असताना, पूर्ण बाह्यांचा सदरा घालत आणि मनगटाची बटणं लावत. कँटीनमधला उकळत्या चहाचा पेला डाव्या हातानं उचलत. आम्ही रुमाल शोधत असू तेव्हा यांचा अर्धा पिऊन झालेला असे. नाटकवाल्यांना याचं फार कौतुक. कलावंताचा हात असाच असतो, असं त्यांचं मत होतं.

आता तारांबद्दल सांगितलं पाहिजे. गिटारीच्या तारा जाडीवर ओळखतात. सगळ्यात बारीक तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची आणि त्या आकड्यावरून सगळ्या संचाला नाव द्यायचं. नऊचा सेट, अकराचा सेट. नऊच्या तारा केसांसारख्या. बोटानं जरा ओढल्या की सूर वाकतो, रडवेल्या बाईच्या आवाजासारखा. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते नऊचा सेट वाजवत, आणि अगदी बेताचं वाजवत. नायिका विहिरीकडे धावली की एक किंकाळी, खलनायक आला की दोन ठोके. त्यांचं वाजवणं त्यांच्या गणितासारखं होतं. बरोबर असायचं, बाकी काही नसायचं.

एका दिवाळीत ते नागपूरहून अकराचा सेट घेऊन आले. तारा बदलताना गिटारीची मान धरायला त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. जाड तार मानेच्या टोकावरच्या जुन्या खाचेत बसत नाही, म्हणून खाचा कानशीनं घासून रुंद केल्या. तारा ताणल्या तशी मान धनुष्यासारखी पुढे वाकली, तेव्हा तिच्या पोटातली लोखंडी सळई किल्लीनं आवळून ती पुन्हा सरळ केली. एवढा उपद्व्याप कशासाठी, मी विचारलं.

“बारीक तार सापडत नाही आता,” ते म्हणाले. “बोट ठेवतो, त खाली तार हाय का नाई, समजतच नाई.”

“डोळे तपासा.”

“बोटाले चष्मा कुठी भेटते, सर?”

हा त्यांचा मला आठवणारा एकमेव विनोद, आणि तोही विनोद नव्हता.

वर्ष जायच्या आत अकरासुद्धा सापडेनात. मग तेराचा सेट आला. तेराच्या तारा शेताच्या कुंपणाला शोभतील अशा असतात. दुकानदारानं म्हणे तो डबा फळीच्या मागून, धूळ झटकून काढला. पुन्हा कानस, पुन्हा किल्ली. या वेळी मान सरळ करताना लाकूड करकरलं आणि थोडा वेळ करकरतच राहिलं, आम्ही हात काढून घेतल्यावरही.

आणि त्या तारांवर ते भलतंच वाजवू लागले.

कंपनीच्या तालमी रविवारी दुपारी तेंदूपानाच्या गोदामात होत. पानांचा कोरडा, तुरट वास, पत्र्याच्या भोकांतून पडलेले उन्हाचे कवडसे. मी अधूनमधून जायचो, कारण आमच्या गावात रविवारी दुपारी दुसरं काही घडत नसे. त्या दिवशी सर माझ्याशी दहावीच्या चाचणीबद्दल बोलत होते. तोंड माझ्याकडे. उजवा हात सवयीनं तारा छेडत होता. डावा हात गिटारीच्या मानेवरून खाली सरकला, वर आला, पुन्हा सरकला. आणि एक चाल ऐकू येऊ लागली. मोठी नव्हती. पायऱ्या उतरल्यासारखी उतरायची आणि जिथं पाय टेकणार तिथंच थांबायची. पुन्हा वर. पुन्हा तेच उतरणं, पुन्हा तो अधांतरी थांबा. सर त्रिकोणमितीतल्या चुका सांगत होते. म्हातारा तबलजी वाजवायचा थांबला आणि त्यानं आपले दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, थंडीत घेतात तसे. गोदामात तेव्हा घामाच्या धारा लागत होत्या.

“हे काय वाजवताय?” मी विचारलं.

त्यांनी हाताकडे पाहिलं. हात थांबला. पकडला गेल्यासारखा.

“मी नाही वाजवत,” ते हळूच म्हणाले. “माझा उजवा हात आहे. डाव्यात तो असते.”

घरी जाताना मी स्वतःला समजावलं. ज्या बोटाला तार सापडत नाही ते भलत्या जागी पडणार आणि भलताच सूर निघणार. त्याला चाल म्हणणं ही आपली हौस. हे स्पष्टीकरण मला फार पटलं. अडचण एकच होती. माणसाची चूक दर वेळी वेगळी असते. ही चूक पाठ होती. पुढच्या रविवारी तीच चाल, तोच थांबा. तेराच्या तारेनं करंगळीशेजारच्या बोटाची कातडी कापली होती आणि रक्ताचा ओघळ लाल लाकडावरून खाली आला होता. लाल रंगावर तो दिसतही नव्हता. सदऱ्यावर थेंब पडला तेव्हा मी ओरडलो. त्यांनी शांतपणे बोट वर धरून पाहिलं.

“त्याले लागलं वाटते,” ते म्हणाले.

एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. वर्गात जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचा कापडी नकाशा स्टँडवर लावलेला होता. सिरोंच्याजवळ तो फाटला होता आणि तिथं मुठीएवढं भोक पडलं होतं. सर नकाशाच्या मागं गेले आणि त्या भोकातून डावा हात बाहेर काढला. गोदावरीच्या काठावर एक हात उगवला.

“कंपासमधलं कर्कटक घ्या,” मागून आवाज आला. “टोचा.”

मी करंगळीला टोक लावलं.

“टोचा, सर.”

“टोचतोय.”

“लाजू नका. टोचा.”

“अहो, टोचतोय!”

अंगठा आणि तर्जनी टोचली की ते लगेच ‘हां’ म्हणत. मधलं बोट टोचलं की थोडा विचार करून. शेवटच्या दोन बोटांना टोचलं की नकाशामागं नुसती शांतता. मी कर्कटक खाली ठेवलं आणि रक्त आलंय का ते पाहायला बोट पुढं केलं. त्या करंगळीनं माझ्या बोटाला विळखा घातला. हळूच, ओळख असल्यासारखा.

“हे तुम्ही केलंत?” मी विचारलं.

“काय?” सर म्हणाले. “टोचलं का?”

मी बोट सोडवून घेतलं. ते नकाशामागून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर पुस्तकी मराठीत लिहिलं: समजा, हा हात माझा आहे. जो हात माझा आहे त्याला झालेली जखम मला कळते. या हाताची जखम मला कळत नाही. म्हणून मूळ समजूत चुकीची आहे. खाली ठळक अक्षरांत: हेच सिद्ध करायचे होते.

“पण अंगठ्याला तर कळलं,” मी म्हणालो.

“हो. तो अजून पुरता आला नाही,” ते म्हणाले आणि फळा पुसला.

ही गोष्ट कंपनीच्या मालकांच्या कानावर गेली. मालक तेंदूपानाचे कंत्राटदार. त्यांना हारांची फार आवड. सत्काराला घालणारा कोणी नसला तर हार ते स्वतः आणत आणि कोणाच्या तरी हातात देऊन समोर उभे राहत. त्यांना सिद्धतेत रस नव्हता, पण हात त्यांना आवडला. त्यांनी जीपवर भोंगा बांधला. ‘ज्यांच्या हाती परलोकीचा महान कलावंत साक्षात संचारतो’ असं गावोगाव ऐकू येऊ लागलं. सरांनी जाऊन निषेध नोंदवला. परलोक हा शब्द काढून टाका, म्हणाले. मालकांनी तो काढला आणि ‘अज्ञात लोक’ घातला. सरांचं समाधान झालं. लोक दहा-दहा कोसांवरून बैलगाड्यांनी येऊ लागले. चालीच्या त्या थांब्यावर मांडवात म्हणे पान पडल्याचा आवाज ऐकू यायचा.

मग शाळेत तपासणी आली. आरोग्य केंद्रातला कुष्ठरोगाचा तंत्रज्ञ, अकोल्याकडचा एक बोलका, सायकलवर फिरणारा माणूस, व्हरांड्यात मुलांना ओळीनं उभं करून अंगावरचे चट्टे पाहत होता. चट्टा दिसला की म्हणायचा, “डोये मीट. मी लावतो, तू बोट ठेव, कुठी लागलं तं.” आणि पेनचं टोक हलकेच टेकवायचा. मी स्टाफरूमच्या दारात चहा पीत उभा होतो. नकाशातल्या गोदावरीच्या काठावर मी कर्कटक घेऊन हेच केलं होतं.

सर त्या दिवशी रजेवर होते.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची पत्नी अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. सर बाजारात गेले होते. मी घसा खाकरला, हवापाण्यावर बोललो. तिनं सूप खाली ठेवलं.

“बोला ना भाऊ. शाळेत ते चट्टेवाले आले होते म्हणून आले ना तुम्ही?”

“वहिनी, तुम्हाला माहीत आहे?”

“मले नाई त कोणाले माहीत राहीन? कोपरावर हाय. रुपयाएवढा होता, आता भाकरीएवढा झाला. सदऱ्याचे बटण मीच लावून देतो रोज.”

“मग दवाखान्यात का नेलं नाहीत? आता गोळ्या निघाल्यात. बरं होतं.”

“माह्या मामाले होतं,” ती म्हणाली. “गावानं नदीकाठी खोपडी बांधून देल्ली. माय भाकर नेऊन गोट्यावर ठेवे आन् मांगं सरके. मामा खोपडीतून विचारे, ताई, तू हायस का? माय बोलत नोती. बोललं त तो बाहेर येईन म्हणून.” तिनं सूप पुन्हा उचललं. “भूत बरं, भाऊ. भूतवाल्याले लोक बलावून चहा पाजतेत.”

“हात जाईल त्यांचा.”

“जाईन त जाईन. शिकवाले उजवा हाय.”

मी पाखडलेल्या तांदळाकडे पाहिलं आणि परत आलो.

तिचं मन मी बदललं नाही; ते जीपच्या भोंग्यानं बदललं. हंगामाच्या पहिल्या प्रयोगाला कोणी मंत्री येणार होते आणि मालकांना त्यांच्यासमोर नुसती चाल कमी वाटत होती. ‘तळहातावर कापूर पेटवून दाखवतील! कलावंताच्या हाताला अग्नी शिवत नाही!’ जीप तिच्या दारावरून गेली. त्या रविवारी दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला.

“तो सायकलवाला कुठी भेटते?”

तो बसस्टँडवर भजी खात होता. आम्ही तिघं गोदामाकडे निघालो, सायकल हातात धरून. दारातच कापराचा वास आला. आत तालीम चालू होती. मालक खुर्चीवर बसून मंत्र्यांचं काम करत होते, गळ्यात हारासकट. सरांनी डावा तळहात पुढं धरला होता. त्यावर ज्योत उभी होती, सरळ, पिवळी. ते तिच्याकडे प्रयोगवहीत निरीक्षण लिहायचं असल्यासारखे पाहत होते. कापराच्या वासाखालून दुसरा एक वास येत होता. तो ओळखायला मला क्षणभर लागला. तिला लागला नाही. तिनं पुढं होऊन हातावर चापट मारली. ज्योत तेंदूच्या पानांवर पडली आणि तबलजीनं धावत जाऊन पायानं विझवली.

“हात जाते ना तुमचा!”

“माझा नाही तो,” सर समजुतीच्या सुरात म्हणाले. “सिद्ध केलं आहे. सांगा न सर, तुमच्यासमोर केलं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तंत्रज्ञानं मात्र खिशातून पेन काढलं आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“डोये मिटा, गुरुजी. कुठी लागलं, दाखवा.”

“नाही लागलं. कारण...”

“कारण हात तुमचा नाई. आयकलं मी बाहेरून. गुरुजी, तालुक्यात माह्याजोळ असे लय हात हायेत. कोणाचा पाय हाय, कोणाचा कान हाय. सगळ्यात एकेक वादक बसला असता, तं मालक, तुमची कंपनी फुकटात उभी राह्यली असती.”

तबलजी हसला. मालक हसले नाहीत. तंत्रज्ञानं सरांच्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपराच्या वर सारली, आणि उजव्या हाताची बोटं धरून कोपराच्या मागच्या खोबणीत ठेवली.

“दाबून पाहा. सुतळीसारखं लागते का काही? जाणीव नेणारी शीर हाय ते. उजव्या कोपरात अशी नाई सापडणार. तार जाड झाली ती इथी, गुरुजी. गिटारीवरची बदलून काय फायदा?”

सर बराच वेळ ती शीर चाचपत राहिले. फळ्यावर आपलीच चूक दुसऱ्यानं दाखवली की गणिताच्या माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. राग नाही, लाजही नाही. नुसती पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासणी.

“जखम कळलीच पाहिजे, हे मी धरून चाललो,” ते म्हणाले. “ते सिद्ध नव्हतं केलं.”

“नाई ना.”

“म्हणजे हात माझा आहे.”

“तुमचाच जी. म्हणून तं वाचवाचा हाय.”

“मंग वाजवते कोण?”

“तुम्हीच.”

“मले येत नाही ती चाल,” सर म्हणाले.

तंत्रज्ञाच्या पिशवीत बऱ्याच गोष्टींची उत्तरं होती. यावर त्यानं पेनला टोपण लावलं.

मालक उठले, हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, आणि दारापर्यंत उलटे चालत जाऊन म्हणाले, “गुरुजी, आराम करो. तबीयत पहले.” संध्याकाळी ती खुर्ची, जिच्यावर सर कधी बसलेच नव्हते, अंगणात फिनाईलनं धुतली जात होती. ब्रह्मपुरीहून एक कॅसिओवाला आणला गेला. त्याच्या हातात त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि ते ऐकू येत होतं.

गोळ्या सुरू झाल्या. गाव म्हणावं तसं वाईट वागलं नाही. गावाला तेवढा वेळ नव्हता. हेडमास्तरांनी शाळेत तंत्रज्ञाचं व्याख्यान ठेवलं, औषध सुरू झालं की रोग पसरत नाही या वाक्यावर स्वतः टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सरांच्या कपाला स्टाफरूममध्ये वेगळा खिळा मिळाला. काही दिवसांनी सर स्वतःचा कप घरून आणू लागले. पितळेचा. आपल्याला चिनी मातीतला चहा कधी आवडलाच नाही, म्हणाले.

रोग गेला. शेवटच्या दोन बोटांतली जाण गेली ती परत आली नाही. ती बोटं आकड्यासारखी वळून राहिली. ती शीर मेली आहे, आता ती बोटं हलणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेराचा सेट दाबायची ताकद हातात उरली नव्हती, म्हणून आम्ही पुन्हा एकदा नऊच्या तारा चढवल्या. तेव्हा कळलं की उलटा प्रवास अवघड असतो. जाड तारांसाठी रुंद केलेल्या खाचांत बारीक तारा खडखडू लागल्या. उत्तरपत्रिकांच्या कागदाच्या घड्या करून त्यांच्याखाली बसवल्या. ताण कमी झाला तशी मान मागं गेली आणि प्रत्येक सूर मधमाशीसारखा गुणगुणू लागला. सळई सैल करत करत त्यांनी तो आवाज घालवला. मग उरलेल्या बोटांनी शाळेची प्रार्थना वाजवली. दोनदा चुकले. दोन्ही चुका वेगळ्या होत्या.

“आता कोण वाजवतंय?” मी विचारलं.

“मीच. आयकून समजत नाई का? किती वाईट हाय.”

माझी राजुऱ्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ. ओसरीवर सर पाटावर बसले होते आणि डावा हात पाण्याच्या घमेल्यात होता. रोज हात भिजवायचा, पुसायचा, तेल लावायचं आणि कुठं कापलंय का, भाजलंय का ते पाहायचं, असा नियम तंत्रज्ञानं घालून दिला होता. हा हात आता तुम्हाले काहीच सांगणार नाई, तो म्हणाला होता. परक्याचा हाय, सांभाळाले देल्ला हाय, असं समजून रोज पाहत जा.

“शेवटी तोही माझ्याच सिद्धांतावर आला,” सर मला म्हणाले.

त्यांची पत्नी घमेल्याजवळ टॉवेल घेऊन बसली होती. पाणी आधी तिनं स्वतःच्या कोपरानं पाहिलं होतं. सर राजुऱ्याबद्दल बोलू लागले. तिथल्या शाळेत गणिताला माणूस नाही, कोळशाची धूळ फार, घर खाणीपासून लांब पाहा. बोलताना त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. दिवेलागण झाली नव्हती, पाणी स्वच्छ होतं, आणि मला घमेल्याचा तळ दिसत होता.

तळाशी ती दोन वळलेली बोटं सरळ झाली. एक खाली टेकलं. मग दुसरं. मग दोन्ही उचलली गेली आणि थोडी पुढं सरकून पुन्हा टेकली. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. सर कोळशाच्या धुळीबद्दल सांगत होते.

मी वर पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. तिनं टॉवेल उलगडला, पाण्यात हातावर पसरला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. टॉवेल भिजून जड झाला.

“राजुऱ्याले पाणी कसं हाय जी, भाऊ?” तिनं विचारलं. “खारं हाय म्हणतेत.”

मी काहीतरी उत्तर दिलं. बरं आहे, म्हणालो असेन. ती ऐकत होती, मान हलवत होती, मधूनच सरांना चहा घ्यायचा का विचारत होती. टॉवेल स्थिर झाला तेव्हाच तिनं त्यावरचे हात काढले.